सिती मुंबईला आली तेव्हा

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

गाण्यांचा ‘अल्बम’ हा शब्द आज आपण सहज वापरतो. एखाद्या गायकाची आठ-दहा गाणी एकत्र आली की झाला अल्बम. पण हा शब्द गाण्याकडे आला तो फोटोंच्या वहीवरून. जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावे. मोठी रचना ऐकायची तर चार-पाच तबकड्या लागत. त्या ठेवायला पुठ्ठ्याच्या बांधणीची, पानापानाला खिसा असलेली वही मिळे. दिसायला थेट फोटोंच्या अल्बमसारखी, म्हणून तिलाही लोक अल्बम म्हणू लागले. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली आणि बरीच गाणी एकाच तबकडीवर मावू लागली. वही गेली, नाव राहिलं. पुढे कॅसेट आली, सीडी आली, आता गाणी मोबाईलवर आली, तरी नाव तेच आहे.

आज मला ज्या अल्बमविषयी बोलायचं आहे त्याचं नाव आहे ‘सिती ऑफ उंगुजा’. तो २०२० साली निघाला. गायिका आहे सिती मुहरम. राहणारी झांझिबारची. उंगुजा हे झांझिबारच्या मुख्य बेटाचं स्वाहिली नाव. म्हणजे अल्बमचं नाव झालं ‘उंगुजाची सिती’. ही सिती कोण? गाणारी आहे ती तर आहेच, पण तिच्या आडून आणखी एक सिती उभी आहे. तिची पणजी, सिती बिन्ती साद. बिन्ती साद म्हणजे सादची मुलगी. पणतीनं या अल्बममध्ये पणजीचा वारसा नव्यानं गायला आहे.

माझ्या भाचीनं मला हा अल्बम मोबाईलवर ऐकवला. मी नागपूरच्या दक्षिणेला बेसा भागात राहतो. एकेकाळी इथं शेतं होती, आता उंच इमारती आहेत. अशाच एका इमारतीच्या गच्चीवर बसून मी ते स्वाहिली गाणं ऐकत होतो. ऊद आणि कानून ही अरबी वाद्यं, सोबत व्हायोलिन, खालून आजच्या काळातला घुमणारा ठेका आणि वर एक ठाम आवाज. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण मध्येच एखादा ओळखीचा शब्द कानावर येई आणि मी दचकून बघे. मग मी या पणजीचा माग काढू लागलो, आणि तो माग थेट आपल्या मुंबईत येऊन पोहोचला. १९२८ साली ही बाई गाण्यासाठी समुद्र ओलांडून मुंबईला आली होती. तिच्या आयुष्यातली पहिली तबकडी मुंबईत ध्वनिमुद्रित झाली.

झांझिबार आणि मुंबई यांचं नातं जुनं आहे. हिवाळ्यात ईशान्येकडून वारा सुटला की आपल्या किनाऱ्यावरची शिडाची जहाजं आफ्रिकेकडे जात, आणि पावसाळ्याच्या आधी वारा फिरला की परत येत. इकडून कापड, तांदूळ जाई. तिकडून लवंग, हस्तिदंत येई. गुजराती, कच्छी, खोजा, बोहरी व्यापाऱ्यांच्या पेढ्या तिथं होत्या. तिथल्या बाजारात रुपया चाले आणि तो १९३५ सालच्या अखेरपर्यंत चालला. झांझिबारचा एक राजपुत्र बरगश यानं १८५९ साली गादीसाठी बंड केलं, ते फसलं आणि इंग्रजांनी त्याला हद्दपार करून कुठं पाठवलं, तर मुंबईला. दोनेक वर्षं तो इथं राहिला. पुढे १८७० साली तोच सुलतान झाला. झांझिबारच्या दरबारात कैरोहून संगीत आणलं ते याच सुलतानानं, असं सांगतात. त्या संगीताला नाव पडलं ताराब. मूळ अरबी शब्द तरब, म्हणजे गाणं ऐकताना माणसाला होणारा आनंद, देहभान हरपणं. कव्वालीच्या मैफलीत ज्याला ‘हाल’ येणं म्हणतात, त्याच्याच जवळपासची ही अवस्था.

हे सगळं झालं महालातलं. सितीचा जन्म महालापासून फार लांब झाला. झांझिबार हे गुलामांच्या व्यापाराचं मोठं केंद्र होतं. तिथला गुलामांचा बाजार १८७३ साली बंद झाला आणि गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८९७ साली. सिती जन्मली १८८० च्या सुमारास, फुम्बा नावाच्या खेड्यात, गुलामांच्या कुळात. तिचं पाळण्यातलं नाव होतं म्तुम्वा. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ होतो गुलाम, दास. जन्मलेल्या मुलीला हाक मारायची तीच मुळी ‘ए गुलाम’ अशी! आपल्याला हे ऐकून नवल वाटायला नको. आपल्याकडे दगडू, धोंडू ही नावं आहेतच. आणि ‘नकोशी’ हे नाव तर कालपरवापर्यंत होतं. २०११ साली साताऱ्यात अशा २८५ मुलींचा नामकरण सोहळा झाला आणि त्यांना नवी नावं मिळाली. तो सोहळा सरकारी यंत्रणेनं केला. म्तुम्वाचं नाव बदललं ते तिच्या गळ्यानं.

तिच्या घरी मातीची भांडी घडवायचं काम होतं. डोक्यावर भांडी घेऊन ती विकायला निघे आणि गल्लीच्या टोकाशी असतानाच तिची हाळी घरोघर पोहोचे. लोक म्हणत, या बाईचा आवाज भांड्याच्या आधी येतो. १९११ च्या सुमारास ती शहरात आली. तिथं तिला गाणं शिकवणारे भेटले, साथ करणारे भेटले. ऊद वाजवणारे, व्हायोलिन वाजवणारे, डफ वाजवणारे. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं. जे शिकली ते ऐकून आणि पाठ करून. हळूहळू लग्नघरांतून, मग श्रीमंतांच्या वाड्यांतून आणि शेवटी सुलतानाच्या महालातून तिला बोलावणी येऊ लागली. लोक तिला म्तुम्वा म्हणेनासे झाले, सिती म्हणू लागले. सिती हा अरबी मानाचा शब्द. त्याचा अर्थ मालकीणबाई, बाईसाहेब. ‘गुलाम’ म्हणून जन्मलेली बाई ‘बाईसाहेब’ झाली.

आता या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग सांगतो. महालातलं ताराब अरबी भाषेत गायलं जाई. अरबी ही दरबाराची, धर्माची, प्रतिष्ठेची भाषा. गावातली माणसं, मजूर, कोळी, लवंगा वेचणाऱ्या बाया बोलत ती स्वाहिली. गायला आणि ऐकायला बसलेल्या कित्येक जणांना अरबी नीट कळतही नसे, पण मान डोलावली जाई. सितीला अरबी गाणी येत होती. अरबी उच्चार तिनं शिकून घेतले होते. तरीही ती गाऊ लागली स्वाहिलीत. अरबी चालींचं, अरबी वाद्यांचं ते भारदस्त गाणं तिनं घरच्या बोलीत आणलं. शहराची एक बाजू दगडी हवेल्यांची, सुलतान आणि व्यापारी यांची. खाडीच्या पलीकडे मातीच्या भिंतींची गरीब वस्ती. तिचं नावच न्गाम्बो, म्हणजे पलीकडची बाजू. महालातलं गाणं सितीनं खाडी ओलांडून पलीकडच्या बाजूला नेलं.

माझ्यासाठी ही केवळ आफ्रिकेतली गोष्ट नाही. मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. शाळा मराठी, बी. ए.ला विषय मराठी वाङ्मय, स्वप्नं पडतात ती नागपुरी मराठीत. तरी तीस वर्षं मला दोन प्रश्न ऐकावे लागतात. कविसंमेलनात कुणीतरी कौतुकानं विचारतं, “तुम्ही मुसलमान असून इतकं चांगलं मराठी कसं लिहिता?” आणि मोहल्ल्यातले एखादे बुजुर्ग विचारतात, “मियाँ, उर्दू सोडून मराठीत कायले लिहिता?” दोन्ही प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात भाषेला धर्म असतो. मी दोघांनाही श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचं नाव सांगतो. सतराव्या शतकात या सूफी परंपरेतल्या माणसानं मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला आणि वारकऱ्यांनी त्याला संत मानलं. शाहीर अमर शेख यांचं नाव सांगतो, ज्यांच्या डफानं संयुक्त महाराष्ट्राची मैदानं दणाणून सोडली. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याची आठवण देतो. आता या यादीत मी सितीचंही नाव घालतो. ती कुराणाचे उच्चार आदरानं शिकली आणि गाणं मात्र आपल्या भाषेत गायली. दोन्हींत तिला विरोध दिसला नाही. तिच्या ऐकणाऱ्यांनाही दिसला नाही.

तर अशी ही सिती १९२८ साली मुंबईला आली. ग्रामोफोन कंपनी त्या वेळी हिंदुस्थानात चांगली रुजली होती. १९०२ साली कलकत्त्याला गौहर जानच्या आवाजापासून सुरुवात झाली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत कुत्र्याचं चित्र असलेली तबकडी घराघरांत गेली. मुंबईला कंपनीची ध्वनिमुद्रणाची सोय होती. झांझिबारमध्ये ग्रामोफोन विकले जात, पण त्यावर वाजे अरबी आणि हिंदुस्थानी गाणं. तिथल्या विक्रेत्यांच्या लक्षात आलं की लोकांना आपल्या भाषेत ऐकायचं आहे. म्हणून सिती, तिचा जुना साथीदार सुबेती आणि इतर कलावंत अशी मंडळी समुद्रमार्गे मुंबईला आणली गेली. ज्या शहरात त्याच सुमारास हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर गात होत्या, त्या शहरात झांझिबारच्या कुंभारणीनं आपल्या भाषेत गाणं म्हटलं.

ते ध्वनिमुद्रण कसं होत असेल, हे समजून घेण्यासारखं आहे. १९२५ पर्यंत गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून ओरडावं लागे, कारण आवाजाच्या जोरावरच सुई हलायची. त्यानंतर विजेवर चालणारा मायक्रोफोन आला. नाजूक आवाज, उदाच्या तारेची थरथर, श्वास घेतल्याचा बारीक सूरही पकडता येऊ लागला. सिती आली ती या नव्या सोयीच्या सुरुवातीच्या काळात. समोर मेणाची जाड चकती फिरे, तिच्यावर सुई खाच पाडी. चूक झाली तर खोडरबर नाही. ती चकती बाद, पुन्हा पहिल्यापासून. आज स्टुडिओत एक-एक ओळ वेगळी गाऊन जोडता येते. तेव्हा गायक, वादक सगळ्यांनी एका दमात, तीन मिनिटांत गाणं संपवायचं. ताराबची गाणी रात्र रात्र चालणारी. एक कडवं पुन्हा पुन्हा घोळवायचं, ऐकणाऱ्यानं दाद दिली की आणखी घोळवायचं. ती सवय मोडून गाणं तीन मिनिटांत बसवणं म्हणजे मोठा पसारा आवरून एका पेटीत भरणं. लांब गाणं असेल तर अर्धं एका बाजूला, अर्धं दुसऱ्या बाजूला.

मेणावरच्या खाचेवरून धातूचा साचा तयार होई आणि साच्यावरून तबकड्या दाबून काढल्या जात. त्या कशाच्या, तर लाखेच्या. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाच्या. ही लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर एक बारीक कीटक तयार करतो ती. आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडे ती आजही गोळा करतात. आपल्या बायांच्या हातातल्या लाखेच्या बांगड्याही तिच्याच. त्या काळी जगभर लागणारी लाख मुख्यतः आपल्या देशातून जाई. कोणत्या रानातली लाख कोणत्या तबकडीत गेली हे सांगता यायचं नाही, पण पळसाच्या फांदीवरच्या किड्याचं आणि झांझिबारच्या गळ्याचं हे नातं मला कवी म्हणून सोडवत नाही.

तबकड्या बोटीनं झांझिबारला, तिथून मोंबासा, दारेसलाम, पार आतल्या मुलखात गेल्या. १९३१ पर्यंत सिती आणि तिच्या साथीदारांच्या ७० हजारांहून अधिक तबकड्या विकल्या गेल्या. त्या वेळी झांझिबारच्या दोन्ही बेटांची मिळून लोकसंख्या अडीच लाखांच्या आतबाहेर होती, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याचं वजन कळेल. ज्यांच्याकडे यंत्र नव्हतं ते कॉफीच्या दुकानापुढे उभे राहून ऐकत. आपल्याकडे हॉटेलात एक चहा घेऊन दोन तास रेडिओवरची गाणी ऐकणारी मंडळी होती, तशीच. हे यश पाहून इतर परदेशी कंपन्यांनीही पूर्व आफ्रिकेतल्या गायकांना शोधायला सुरुवात केली. एका अर्थानं स्वाहिली ध्वनिमुद्रणाचा पाया मुंबईत घातला गेला.

लोक तिच्या गाण्यात काय ऐकत होते? प्रेम, विरह हे तर होतंच. पण तिच्या गाण्यात शहरातल्या ताज्या घटनाही असत. त्यातलं एक गाणं फार गाजलं, ‘किजिती’ नावाचं. किजिती हे एका माणसाचं नाव. मुख्य भूमीवरून झांझिबारला पाहुणी आलेली एक गरोदर बाई मैत्रिणींबरोबर नाचगाण्याच्या जागी गेली. या माणसानं तिच्यावर अत्याचार करून तिचा जीव घेतला आणि तो समुद्र ओलांडून पळून गेला. इंग्रजांच्या राज्यातल्या न्यायालयात खटला उभा राहिला, तेव्हा शिक्षा झाली ती कुणाला? त्या बाईबरोबर असलेल्या मैत्रिणींना. गुन्हेगार मोकळा, साक्ष देणाऱ्या तुरुंगात. न्यायाधीशाला जाब विचारायची ताकद त्या गरीब वस्तीत कुणाकडे असणार? वर्तमानपत्रं साहेबाची, कचेरी साहेबाची. सितीनं ती गोष्ट गाण्यात घातली आणि गाणं तबकडीवर गेलं. ज्या न्यायाचं गाऱ्हाणं कुठंच नोंदलं जाणार नव्हतं, ते लाखेत कोरलं गेलं. कंपनीनं तबकडी विकली, पण त्याबरोबर कंपनीला नकळत एक साक्षही विकली गेली.

विदर्भातल्या माणसाला हे ऐकताना देसाईगंज आठवल्याशिवाय राहत नाही. १९७२ साली तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडून दिलं. मग १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. सितीच्या काळी पत्र लिहायची सोय नव्हती. तिच्याकडे गळा होता.

गळ्याच्या जोरावर मोठ्या झालेल्या बाईला टोमणे चुकत नाहीत. हिणवणारी गाणी तिच्यावरही रचली गेली. तिचं खेडवळपण काढलं गेलं, तिच्या अंगावरचं कापडही काढलं गेलं. गुलाम बाया गडद निळ्या रंगाचं एक स्वस्त कापड गुंडाळत, कानिकी नावाचं. तेच नेसून तू शहरात आलीस ना, आवाज नसता तर काय खाल्लं असतंस, असा त्या टोमण्यांचा सूर. सितीनं भांडण केलं नाही. तिनं गाण्यातूनच उत्तर दिलं, आणि त्याचा आशय असा की रूप आणि कूळ नसलं तरी चालतं, माणसात अक्कल आणि शील नसण्याचा कमीपणा वाईट. झांझिबारमध्ये त्या उत्तराची म्हण होऊन बसली.

हे वाचताना मला आपली बहिणाबाई समोर दिसू लागली. आणि नंतर सन पाहिले तर मीच थक्क झालो. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० चा. सितीचाही त्याच सुमाराचा. सिती गेली १९५० साली, बहिणाबाई गेल्या १९५१ साली. दोघी निरक्षर. दोघींच्या हाताला काम, एकीच्या माती, दुसरीच्या शेत. दोघींनी प्रतिष्ठेची भाषा बाजूला ठेवून घरची बोली वापरली. बहिणाबाईंच्या ओव्या मुलानं आणि नातलगांनी उतरवून ठेवल्या म्हणून राहिल्या आणि त्या गेल्यानंतर १९५२ साली पुस्तक निघालं. सितीचा आवाज तबकडीनं ठेवला, आणि तिचं चरित्र लिहिलं शाबान रॉबर्ट या स्वाहिलीतल्या थोर कवीनं. तिच्या अखेरच्या काळात तो तिला भेटला होता. एका निरक्षर बाईचं चरित्र भाषेतल्या पहिल्या रांगेतल्या कवीला लिहावंसं वाटलं, आणि ते तिकडच्या मुलांनी शाळेत अभ्यासलं. फरक एवढाच की बहिणाबाईंचा स्वतःचा आवाज आपल्याकडे नाही. त्या जात्यावर कशा गात असतील, हे आता कुणालाच ऐकता येणार नाही. सितीचा आवाज मात्र आहे. थोडा खरखरीत, लांबून आल्यासारखा, पण आहे.

तिच्यामागून ही परंपरा थांबली नाही. बी किदुदे नावाची गायिका सितीलाच गुरू मानी. ‘बी’ म्हणजे आपल्याकडची ‘बीबी’च. म्हातारपणी तिला जगभर कीर्ती मिळाली, २००५ साली जागतिक संगीताच्या मेळाव्यात तिचा गौरव झाला आणि २०१३ साली ती वारली. तिकडे मोंबासाला ताराबनं आणखी एक वळण घेतलं. जुमा भालोसारखे गायक हिंदी सिनेमाच्या चालींवर स्वाहिली शब्द बसवून गाऊ लागले. साथीला तबला, पेटी आणि आपल्या बेंजो-बुलबुलतरंगाचं तिकडचं भावंड. ताजबागच्या उरुसात कव्वालीच्या पार्टीत जे वाद्य किणकिणतं, त्याचाच हा नातलग. गाणं रंगलं की ऐकणारी बाई उठते, नाचत नाचत पुढे येते आणि गायिकेच्या हातात नोट ठेवते. कव्वालीतलं नजराणं आणि तमाशातली दौलतज्यादा पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि ते ओळखीचे शब्द? स्वाहिलीत बातमीला म्हणतात हबारी, म्हणजे आपली खबर. पुस्तक म्हणजे किताबू, लेखणी म्हणजे कलामू, हिशेब म्हणजे हेसाबू, साबण म्हणजे साबुनी, वेळ म्हणजे वकाती. यांतले बहुतेक शब्द अरबीतून दोन्हीकडे गेले. पण पैशाला पेसा, गाडीला गारी आणि पोळीला चपाती म्हणतात ते आपल्याकडचंच. जहाजातून लवंग आणि कापडाबरोबर शब्दही उतरत होते. त्यांना कुणी जकात लावली नाही आणि कुणी धर्मही विचारला नाही.

या देवघेवीची काळी बाजूही सांगायला हवी, नाहीतर चित्र गोड होईल. त्याच समुद्रावरून गुलामही नेले गेले. इंग्रजांच्या आरमारानं एकोणिसाव्या शतकात गुलामांची जहाजं पकडली, तेव्हा सोडवलेल्या अनेक मुलांना मुंबईला आणून उतरवलं. त्यांतली काही नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. त्यांना ‘नाशिकची मुलं’ असंच म्हणत. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या दिवसांत त्याच्या तुकडीत होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि पुढे त्या देहाबरोबर लंडनपर्यंत गेला. यांतल्या कित्येकांची मूळ नावं, मूळ भाषा, आईनं म्हटलेली गाणी कायमची हरवली. त्यांच्या गळ्यातून कोणतं गाणं निघालं असतं, हे आपल्याला माहीत नाही. सितीचं गाणं ऐकताना या न ऐकलेल्या गाण्यांची जाणीव ठेवावी. गुलामाच्या घरातली एक मुलगी तबकडीपर्यंत पोहोचली. मागे किती राहिल्या, त्याची मोजदाद नाही.

म्हणूनच पणतीचा हा अल्बम मला मोलाचा वाटतो. एरवी वारसा म्हटला की आपल्याकडे घर, जमीन, दागिने यांचा हिशेब होतो. इथं चौथ्या पिढीतली एक बाई वारशात गाणं घेते आणि ते पणजीच्या नक्कलेसारखं न गाता आपल्या काळाचं करून गाते. ज्यांना शक्य असेल त्यांनी हा अल्बम मिळवून ऐकावा. पणजीच्या मूळ तबकड्यांतली काही गाणीही जुन्या स्वाहिली संगीताच्या संकलनांतून मिळतात. आधी पणती ऐका, मग पणजी. जुन्या आवाजातली खरखर पहिल्यांदा त्रास देईल. दोन-तीनदा ऐकल्यावर ती खरखर मागे पडते आणि आवाज पुढे येतो.

आणि ते झालं की एक काम करा. तुमच्या घरात, गल्लीत, शेजारच्या खेड्यात जात्यावरच्या ओव्या, दंडारीतली गाणी, लग्नातली मुसलमानी गाणी म्हणणारी एखादी म्हातारी अजून असेल. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचं यंत्र आहे. त्यासाठी समुद्र ओलांडून मुंबईला जावं लागत नाही, मेण लागत नाही, लाख लागत नाही. तिच्यासमोर बसा, नाव विचारा, आणि तिला तिच्या भाषेत गाऊ द्या. मध्ये बोलू नका.